एकोणचाळिसावं पान

२४ जुलै २०१०

टिकीला कॉलेजात इतिहास मिळाला. मिळाला कसला — तिनंच मागितला! तिचा बाप निरंजन ऑफिसातून आल्यापासून पोरीशी एक अक्षर बोललेला नाही. सून पिठाच्या डब्याशी बोलत होती, "नर्सिंगला नंबर लागला होता. आता ही बाई मेलेल्या राजांची सेवा करणार!" टिकी हसली. मला हसू आलं नाही.

इतके विषय आहेत जगात. भूगोल आहे, ओडिया आहे, गृहविज्ञान आहे. इतिहासच का? बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, "जेजे, तुमच्यामुळेच! लहानपणी तुम्ही मला कचेरीतल्या जुन्या कागदांच्या गोष्टी नाही का सांगायचात?"

मी काय काय सांगितलं होतं? आजोबा नातीला सांगतो तेवढंच असणार. पण नीट आठवत नाही. दुपारपासून आठवतोय.

२५ जुलै २०१०

रक्तदाबाची गोळी एकदा घेतली की दोनदा, लक्षात नाही.

२९ नोव्हेंबर २०१०

प्रथमाष्टमी. घरातलं पहिलं मूल म्हणून टिकीला ओवाळलं. मामाकडून नवा ड्रेस आला — बाह्या तोकड्या. हळदीच्या पानात वाफवलेले पिठे मी चार खाल्ले, मग पोटाची काळजी लागली.

दुपारी ती पाठ करत होती. मी तिची वही धरून बसलो. सहावी पास आहे, आकडे जुळवता येतात.

"पानिपतची दुसरी?"

"पंधराशे छप्पन्न!"

"तिसरी?"

"सतराशे एकसष्ट! जेजे, प्रत्येक लढाईची कारणं दहा आणि परिणाम दहा. सहाच लिहिले तर मार्क कापतात."

"आणि दहा नसतीलच तर?"

"असतातच. नोट्समध्ये दहा आहेत."

हा इतिहास बरा आहे. लांबचा. यात आपल्या ओळखीचं कोणी मरत नाही. उगाच घाबरलो.

१४ जून २०१३

रज सणाचा पहिला दिवस. गल्लीत आंब्याला झोका बांधलाय. आणि निकाल! टिकी बी.ए.त कॉलेजात दुसरी. निरंजननं स्वतः जाऊन दहीबरा-आलूदम आणला. पोरीशी तीन वर्षांनी धड बोलला — "पुढे काय?" ती म्हणाली, एम.ए., भुवनेश्वरला, होस्टेलवर. सून म्हणाली, "बालेश्वरहून स्थळ आलंय, त्याचं काय?" टिकी म्हणाली, "त्याला इतिहासजमा करा."

सगळे हसले. मीही. मग होस्टेलच्या दाराला कडी आतून असते की नाही, ते विचारायचं राहिलं.

२ सप्टेंबर २०१४

टिकी दोन दिवस घरी आली होती. वाळलीय. होस्टेलची डाळ म्हणे हात धुवायच्या लायकीची. पण डोळे चमकतात.

एम.ए.ला कोणी नवे सर आलेत. त्यांनी वर्गात सांगितलं — राजे पुरे झाले, आता प्रत्येकानं आपल्या घरातला सगळ्यात जुना कागद घेऊन या. कोणी जमिनीचा पट्टा आणला, कोणी पत्रिका. एका मुलानं रेशनकार्ड आणलं, त्यालाच सर शाबास म्हणाले! "आपल्याकडे काय आहे, जेजे?"

"काही नाही."

"दफ्तऱ्याच्या घरात जुना कागद नाही? सोनाराच्या घरात नथ नाही म्हटल्यासारखं झालं!" असं म्हणत तिनं देव्हाऱ्यातली पोथी उचलली. मीच बांधलेली. उलटीसुलटी केली. "पुठ्ठा केवढा जाड केलाय!"

मी पोथी हिसकावून घेतली. पारोशा हातानं शिवू नये म्हणालो. पोर आंघोळ करून आली होती. बघतच राहिली.

मग नअंकाच्या दुष्काळाचं विचारायला लागली, तो दीडशे वर्षांपूर्वीचा. घरात काही ऐकलंय का? मी सांगितलं, जे माझे वडील सांगायचे तेच. तिनं लिहून घेतलं! मी बोलतोय आणि कोणी लिहून घेतंय, असं पहिल्यांदाच झालं.

चाळीस वर्षांत जे कुठे लिहिलं नाही ते आज लिहितो. वही कुलपात असते.

१९७४ साल. कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत मी दफ्तरी. मागुणी दलाई माझा वस्ताद. जुनी रजिस्टरं उसवायची, फाटकी पानं सांधायची, परत शिवून पुठ्ठा चढवायचा. एक दिवस दुष्काळातल्या एका अन्नछत्राचं रजिस्टर आलं. त्या वेळी सरकारनं छत्रं घातली होती. सगळ्या जातींना एका कढईतला भात. जो जेवला तो जगला, पण गावानं त्याला परत घेतलं नाही. छत्रखिया म्हणायचे. त्याच्या हातचं पाणी नाही, त्याच्याशी सोयरीक नाही. शंभर वर्षांनीसुद्धा लग्न जुळवताना म्हातारे हळूच विचारायचे, घरात कोणी छत्रखिया नाही ना?

आमच्यात नव्हता. वडील श्राद्धाला पिंड ठेवताना मोठ्यानं सांगायचे — माझे पणजोबा हाडिबंधू बराळ, तेंतुळिपदरचे, उपाशी मेले पण छत्रात जेवले नाहीत!

आणि रजिस्टराच्या एकोणचाळिसाव्या पानावर, वर साहेबाच्या हातचं इंग्रजी, खाली आपल्या अक्षरात नावांची रांग — त्यात हाडिबंधू बराळ, तेंतुळिपदर.

छत्राच्या रजिस्टरात नाव! म्हणजे जेवला. म्हणजे वडील जन्मभर खोटं बोलले.

कुमीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न त्या फाल्गुनात ठरलं होतं. मुलाचा काका वकिलाकडे कारकून. जमिनीच्या दाव्यांसाठी आमच्याच खोलीत येऊन रोज जुनी रजिस्टरं चाळायचा. आज ना उद्या त्याच्या हाती लागलं असतं.

मी पान कापलं. पट्टी लावून, सुरीनं, एका दमात. शिवणीशी काडीएवढी कड ठेवली, नाहीतर जोडीचं पान सुटतं. कडेला खळ लावून ती पुढच्या पानाला चिकटवली. कापलेलं पान जाळलं नाही — लिहिलेला कागद दफ्तरी जाळत नाही. घरी आणलं आणि पोथीच्या पुठ्ठ्यात, दोन थरांच्या मध्ये चिकटवून टाकलं.

कुमी चार वर्षांत परत आली, पाठीवर वळ घेऊन. पुढच्या भाद्रपदात वारली. त्या घरासाठी मी पान कापलं होतं.

३ सप्टेंबर २०१४

वहीचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

१६ जानेवारी २०१६

पीएच.डी.चा विषय ठरला. दुष्काळातल्या छत्रांत वाढलेली पोरकी मुलं!

मी म्हटलं, "कोणार्कवर कर ना. केवढं देऊळ!"

"कोणार्कवर सगळे करतात, जेजे."

"मग पुरीवर कर."

"तुम्हाला माझा विषय आवडला नाही का?"

"तसं नाही. उपाशी पोरांबद्दल वाचत बसशील तर तुझ्याच घशाखाली घास उतरायचा नाही."

ती माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, सगळ्या घरात तुम्हालाच माझी काळजी. मी तिचे हात सोडवले आणि पाणी आणायला उठलो.

७ ऑगस्ट २०१७

टिकी आजपासून कचेरीत जाते. माझ्याच रेकॉर्ड खोलीत! आताचे राखणदार पाणिग्राही बाबू नाव ऐकून उठून उभे राहिले म्हणे. "बराळ दफ्तऱ्यांची नात? मग तुम्हाला पंख्याखालची खुर्ची." माझी शिवण अजून एकाही रजिस्टराची सुटली नाही, असंही म्हणाले.

डब्यात पखाळ, पाण्यात मुरवलेला भात, देऊ नको म्हटलं सुनेला, दुपारी झोप येते. तिनं पखाळच दिलं. कांदाही.

१९ ऑगस्ट २०१७

सापडलं.

केसात धूळ, हात काळे, चपला न काढताच माझ्या खोलीत आली. "जेजे, अख्खं रजिस्टर मिळालं! आणि चाळिसाव्या पानावर मुलं आहेत. माझी मुलं!"

तिनं वही उघडून वाचलं. मुलांना नावं नाहीत. फक्त — मागील पानावरील ९ चा मुलगा, वय ७, जेवला. १७ ची मुलगी, वय ४, जेवली. २३ चा मुलगा, वय अंदाजे ५, जेवला. अशी अकरा पोरं. "मागच्या पानावर त्यांच्या आईबापांची नावं, गावं असणार. ती मिळाली की मी त्या गावात जाऊन विचारू शकते, ही मुलं पुढे कुठे गेली, कोणाची झाली. सगळा प्रबंध त्यावर उभा राहील, जेजे! आणि मागचं पानच नाही."

"फाटलं असेल. दीडशे वर्षं झाली."

"फाटलेलं नाही. कापलंय. काय सफाईनं कापलंय! काडीएवढी कड ठेवून वर खळ लावलीय. तुम्ही बघायला हवं होतंत. जाणकाराचा हात आहे."

माझी तारीफ चालली होती. माझ्या तोंडावर.

मग तिनं विचारलं, "तुमच्या वेळी हे रजिस्टर बांधलं गेलं का? अजून कोण होतं तिथे?"

मी म्हटलं, "मागुणी दलाई. तो कापायचा पानं. मी बघितलंय."

का म्हटलं? मागुणी मरून अकरा वर्षं झाली. तोंडाला आलं तेच एक नाव.

२० ऑगस्ट २०१७

सुई कशी धरायची ते मला मागुणीनं शिकवलं. बोट टोचलं की स्वतःच्या धोतराची चिंधी बांधायचा.

१२ डिसेंबर २०१७

टिकीच्या गाईड मॅडम म्हणाल्या, पाचवं प्रकरण हाच या प्रबंधाचा जीव. पण नावांशिवाय ते नुसते आकडे. टिकी जेवता जेवता सांगत होती. आकड्यांना कोणी रडत नाही, असं मॅडम म्हणाल्या. निरंजन म्हणाला, "मग दुसरं काहीतरी लिही पाचवं." ती ताटावरून उठली.

मी तिच्या ताटातला भात झाकून ठेवला. तो तसाच राहिला.

११ मार्च २०१८

आज टिकी मागुणीच्या मुलीकडे जाऊन आली. चौधरी बाजारात राहते, शारदा नाव. टिकीनं फक्त विचारलं म्हणे, वडिलांनी घरी काही जुने कागद आणले होते का? शारदा आधी समजलीच नाही. समजल्यावर ओरडली, "माझा बाप घरी दोऱ्याचा तुकडासुद्धा आणत नव्हता! आम्ही पतंगाला दोरा मागितला तर मारायचा! कोण म्हणतं चोर?" शेजारीपाजारी गोळा झाले. टिकीनं माझं नाव सांगितलं नाही. सांगितलं नाही!

घरी येऊन रडली. मग चेहरा पुसून विचारलं, "जेजे, तुम्ही नक्की बघितलं होतंत ना?"

"नक्की."

८ ऑक्टोबर २०१८

महालया. सकाळी काठजोडीच्या घाटावर गेलो. गर्दी. पाय घसरायचं भय, म्हणून निरंजनचा खांदा धरला. वडील, आजोबा, पणजोबा — तिघांना तीळपाणी दिलं. भटजी म्हणाले, "आता गुरू, मित्र, ज्यांचं कोणी नाही, त्यांची नावं घ्या."

दरवर्षी मी मागुणीचं नाव घेतो. आज ओंजळ भरली आणि नाव निघेना. पाणी बोटांतून गळून गेलं. परत भरली, परत गेली. भटजी म्हणाले, "घ्या लवकर, बराळ बाबू, मागे रांग आहे."

कोणत्या तोंडानं घेऊ?

घरी आलो. ओल्या धोतरानंच टिकीच्या समोर उभा राहिलो. म्हटलं, पान मी कापलं. मागुणी नाही. मी.

ती लिहीत होती. लिहायचं थांबली. मग एकच विचारलं, "कुठे आहे?"

मी पोथी काढली. ओल्या फडक्यात पुठ्ठा गुंडाळून ठेवला. दोन तास. थर सुटले. सुरीच्या पाठीनं हळू हळू उचलत गेलो — पान अख्खं आलं. खळीत मोरचूद घातलं होतं, त्यामुळे कीड नाही. शाई तांबूस, पण अक्षरं स्वच्छ. इतक्या शरमेतही वाटलं, काम चांगलं केलं होतं!

मी पान सरळ करायला गेलो. टिकी म्हणाली, "हात लावू नका."

मला! चौतीस वर्षं ज्या हातांनी कागदच शिवले, त्या हातांना.

तिनं वरचं इंग्रजी वाचलं, मला ते कधी आलं नाही. ओठ हलले, आवाज नाही. परत वाचलं. मग आपल्या भाषेत सांगितलं — "ज्यांनी शिजलेलं अन्न घेण्यास नकार दिला आणि छत्राच्या दारात मेले, त्यांची यादी."

मला कळेना. "जेवलेल्यांची नाही?"

"नाही, जेजे. न जेवलेल्यांची."

एकतीस नावं. तेविसावं हाडिबंधू बराळ. तिनं तिची वही काढली आणि चाळिसाव्या पानाची नक्कल माझ्यासमोर धरली. आता मीही वाचली. २३ चा मुलगा, वय अंदाजे ५, जेवला.

म्हणजे वडील खोटं बोलत नव्हते. हाडिबंधू दारात मेले. आणि त्यांचं पोर त्यांना ओलांडून आत गेलं आणि जेवलं. ते पोर म्हणजे माझे पणजोबा. सकाळी मी ज्यांना पाणी दिलं ते.

ज्या पानाची लाज वाटून चव्वेचाळीस वर्षं जीव मुठीत धरला, त्यात लाजेचं काही नव्हतंच. होतं ते पुढच्या पानावर, आणि ते तर मीच नीट शिवून ठेवलं होतं! पण त्यात तरी लाज कसली? पाच वर्षांचं पोर. भूक लागली होती.

१३ ऑक्टोबर २०१८

टिकी पाच दिवस माझ्याशी बोललेली नाही. चहा आणून ठेवते. कप खाली ठेवताना आवाज होऊ देत नाही. आवाज झाला असता तर बरं वाटलं असतं.

१९ ऑक्टोबर २०१८

आज येऊन बसली. म्हणाली, "जेजे, हे पान प्रबंधात वापरायचं तर ते आलं कुठून हे लिहावं लागेल. कोणी कापलं, कधी, का. नाहीतर या पानाला किंमत नाही. कोणीही म्हणेल मीच बनवलं."

"मग लिही."

"तुमचं नाव येईल."

"पूर्ण लिही. बांछानिधी बराळ, गाव तेंतुळिपदर, दफ्तरी. मागुणीनं नाही कापलं हेही लिही."

तिनं विचारत विचारत माझा जबाब लिहून घेतला. चार पानं. मी खाली सही केली. इतकी वळणदार सही माझ्याकडून लग्नातही झाली नव्हती.

आणि ती म्हणाली, पाचव्या प्रकरणाच्या शेवटी एकतीस नावांची यादी छापणार, आपल्या अक्षरात. म्हणजे तुम्हालाही वाचता येईल.

२१ ऑक्टोबर २०१८

चौधरी बाजारात गेलो, शारदाकडे. दारातच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पाण्याचा तांब्या आणला, बसा म्हणाली नाही. "काका, सात महिने मी शेजाऱ्यांकडे मान वर करून बघितलं नाही. तुम्हाला माहीत होतं?"

माहीत नव्हतं. पण अंदाज होता. तसंच म्हणालो.

तिनं शेजारणीला हाक मारली. "ए मिनू! इकडे ये. हे काका काय सांगतायत ऐक." मला परत सांगावं लागलं. मग समोरच्या दुकानदाराला बोलावलं. तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा आवाज बसला. मग ती म्हणाली, पुरे, जा आता.

बरोबर केलं तिनं.

६ फेब्रुवारी २०१९

टिकी दोन महिन्यांत चार गावं फिरून आली. यादीतल्या तीन मुलांचा पत्ता लागला, आमचं धरून चार. एका गावात एक म्हातारी म्हणाली, होय, आमचा मूळपुरुष छत्रातून आला, पण हे बाहेर बोलू नकोस गं. आणि मग स्वतःच दोन तास बोलली! टिकीनं ते मला वाचून दाखवलं. पाचवं प्रकरण झालं. जाडजूड झालंय. माझ्या आयुष्यात मी कापलेल्या गोष्टीतून पहिल्यांदा काही वाढलं.

१७ मार्च २०१९

निरंजनला कळलं. एवढा आवाज त्यानं घरात कधी चढवला नव्हता.

"सरकारी कागद चोरलाय, बापा! आणि वर सहीनिशी लिहून देताय! पंच्याहत्तराव्या वर्षी पोलीस ठाण्यात बसणार?"

"बसेन."

"तुम्ही बसाल हो! तुमचं काय! लोक मला विचारतील, टिकीला विचारतील. गावभर होईल — चोराचं घर, छत्रखियांचं घर!"

"दोन्ही खरं आहे," मी म्हणालो.

सून पदरानं डोळे पुसत होती. टिकी दाराशी उभी होती. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "तू लिही गं. माझी काळजी करू नकोस."

तिनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, चष्मा नव्हता, दिसलं नाही.

५ मे २०१९

परवाच्या वादळात गल्लीतली तीन झाडं गेली. वीज नाही, नळ नाही. टिकीनं प्रबंधाचे सगळे कागद पत्र्याच्या ट्रंकेत घालून ट्रंक पलंगावर चढवली होती. छप्पर उडेल या भीतीनं मी सकाळपासून ट्रंकेवरच बसून राहिलो. सून म्हणाली, "कोंबडी अंडी उबवते तसे!" पाठ धरलीय. कागद कोरडे.

९ सप्टेंबर २०१९

प्रबंध पुरा झाला. मी सुई, दोरा, दाभण काढून ठेवलं होतं. डोळे गेलेत, पण शिवण हाताला दिसते. टिकी म्हणाली, "नको, जेजे. युनिव्हर्सिटीला काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं लागतात. दुकानात देते."

सोनेरी अक्षरं मलाही येतात. दाभण परत डब्यात टाकलं. चोराच्या हाती कोण कागद देतं?

१५ सप्टेंबर २०१९

आज पाच प्रती युनिव्हर्सिटीत दिल्या. टिकीनं माझ्या पाया पडून निरोप घेतला. पोलीस कधी येतील याचा विचार करून मी धुतलेला सदरा खुंटीला लावून ठेवला. आश्चर्य म्हणजे भय वाटत नाही. एकतीस माणसं आता कपाटात उभी राहतील, नावागावासकट. मुलांना बाप मिळतील.

टिकी परत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. डोळे लाल. दमली असेल.

२ ऑक्टोबर २०१९

घरची प्रत आज आली. मांडीवर घेतली. नवं पुस्तक हातात आलं की दफ्तऱ्याची बोटं आपोआप मोजायला लागतात. एक, दोन, तीन, चार प्रकरणं — आणि मग समारोप. पुन्हा मोजलं. आपल्या अक्षरातलं एकही नाव नाही. पानांचे आकडे सरळ पुढे गेलेत.

टिकीला विचारलं. भात वाढत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचं नाव त्यात नको होतं मला, जेजे."

मी परत उघडून शिवणीवरून बोट फिरवलं. काही कापलंय हे कळतसुद्धा नाही. साफ हात आहे पोरीचा.